हळद स्पिरिटमध्ये चमकते, मग पाण्यात का नाही?

प्रश्न : मॅडम, सांगलीत आमचं हळदीचं छोटं दुकान आहे. नोटा तपासायच्या दिव्याखाली सहज म्हणून स्पिरिटमध्ये कालवलेली हळद धरली, तर ती हिरवट-पिवळी चमकली. पाण्यातली मात्र मंदच दिसली. असं का? आणि जिवंत पेशीत चमकणारे रेणू सोडून आतलं काम बघतात, असं सरांनी वर्गात सांगितलं. ते रेणू आत जातात कसे? पेशी मरत नाही का? जेलीफिशचं हिरवं प्रथिन असताना नवे रेणू कशाला बनवायचे?
— बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी, सांगली

उत्तर : हळदीपासूनच सुरुवात करते, कारण तुझ्या बाकीच्या प्रश्नांची वाट तिथूनच जाते. हळदीतला पिवळा रेणू म्हणजे कर्क्युमिन. त्याच्यावर अतिनील किंवा जांभळा प्रकाश पडला की त्यातला इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर जातो आणि नॅनोसेकंदाच्या आतबाहेर पुन्हा खाली येतो. घेतलेली ऊर्जा तो प्रकाशाच्या रूपात सोडतो, नाहीतर उष्णता म्हणून भोवतालच्या रेणूंना देऊन टाकतो. पाण्यात एक तर कर्क्युमिन धड विरघळत नाही, आणि जेवढं विरघळतं त्याची बहुतेक ऊर्जा उष्णतेत जाते. स्पिरिटमध्ये प्रकाशाच्या वाट्याला बरीच जास्त येते. रेणू तोच, भोवताल बदलला की चमक बदलली. आम्ही रसायनवाले पेशीसाठी रेणू घडवतो ते याच गुणाच्या जोरावर.

मी स्वतः असे रेणू बनवण्यात बरीच वर्षं घालवली आहेत. लखलखीत चमकणारा रेणू मिळवणं मला कधीच फार अवघड वाटलं नाही. टीएलसीची पट्टी (मिश्रणातले रेणू ठिपक्यांच्या रूपात वेगळे करणारी पातळ पट्टी) यूव्ही, म्हणजे अतिनील, दिव्याखाली धरली की निळे, हिरवे, नारिंगी ठिपके पटापट दिसतात, अगदी नको असलेल्या उप-उत्पादनांचेसुद्धा. खरी कसोटी आहे रेणूला गप्प ठेवण्यात. ज्याला शोधायचं तो आयन (भार असलेला अणू) भेटेपर्यंत त्याने विझलेलं राहायचं, भेटला की पेटायचं आणि सुटला की पुन्हा विझायचं. जो सदासर्वदा चमकतो तो फार तर पेशीचा आकार दाखवील, आत काय चाललंय ते सांगणार नाही.

याचा सगळ्यात सुंदर नमुना म्हणजे कॅल्शियमचे रंग. निवांत असलेल्या पेशीच्या आत मोकळं कॅल्शियम साधारण 100 नॅनोमोलर, म्हणजे अगदी नाममात्र असतं आणि बाहेर त्याच्या दहा हजार पटींहून जास्त. स्नायू आखडताना, चेतापेशी संदेश देताना, अंडपेशी फलित होताना आतलं कॅल्शियम एकदम वाढतं. ते बघायचं तर अडचण मॅग्नेशियमची. आतमध्ये ते कॅल्शियमच्या हजारो पट असतं आणि त्याच्यावरही दोनच धनभार. ईजीटीए नावाचा जुना रेणू या गर्दीतून कॅल्शियम बरोबर निवडायचा, पण पीएच जरा हलला की त्याची पकड बदलायची, आणि तो चमकतही नव्हता. शास्त्रज्ञ रॉजर चेन इंग्लंडमधल्या केंब्रिजला होते तेव्हा त्यांनी या रेणूतल्या साध्या कार्बन-दुव्यांच्या जागी बेंझिनची कडी बसवली. 1980 साली प्रसिद्ध झालेला हा रेणू म्हणजे बाप्टा. त्यातल्या नायट्रोजनची प्रोटॉनवरची पकड सैल झाली, त्यामुळे पेशीतल्या पीएचला त्याच्या कामात फारशी लुडबुड करता येईना. शिवाय बेंझिनमुळे पुढे त्याला रंगद्रव्य जोडायची सोय झाली.

आता आत जाण्याचं. बाप्टाच्या टोकांना चार कार्बॉक्सिलेट गट आहेत, म्हणजे चार ऋणभार. पेशीपटल स्निग्ध असतं, ते असल्या भारवाल्याला आत घेत नाही. 1967 साली रिजवे आणि ॲशली यांनी जेलीफिशचं ॲक्वोरिन हे प्रकाश देणारं प्रथिन वापरून स्नायूतलं कॅल्शियम पाहिलं, तेव्हा त्यांना बार्नाकल या सागरी प्राण्याचे जाडजूड स्नायुतंतू निवडून त्यांत ते टोचावं लागलं होतं. छोट्या पेशींना हा मार्ग नव्हता. चेन यांनी 1981 साली चारही ऋणभार ॲसिटॉक्सिमिथाइल एस्टरखाली झाकले. भार झाकल्यावर रेणू पटलातून सहज आत शिरतो. आत पेशीची स्वतःचीच एस्टरेज विकरं टपलेली असतात, ती एस्टर कापून टाकतात. भार पुन्हा उघडे पडतात आणि रेणूला बाहेर पडता येत नाही. सुई नाही, भोक नाही. अर्धा-पाऊण तास द्रावणात ठेवलं की लाखो पेशी एकदम भरल्या जातात. रसायनशास्त्रात मला याहून देखणी युक्ती माहीत नाही.

1985 साली फ्युरा-2 आला. तो 340 आणि 380 नॅनोमीटर अशा दोन तरंगलांबींनी आळीपाळीने उजळायचा आणि मिळालेल्या प्रकाशाचं गुणोत्तर काढायचं. त्यामुळे पेशी कुठे जाड, कुठे पातळ, रंग कमी-जास्त शिरला, याने मोजमाप बिघडत नाही. 1989 च्या फ्लुओ-3 मध्ये तर मी म्हणते ते गप्प राहणं अगदी स्पष्ट दिसतं. मोकळा असताना नायट्रोजनवरची इलेक्ट्रॉनची जोडी उत्तेजित रंगद्रव्यात उडी घेते आणि त्याचा प्रकाश विझवते. कॅल्शियमने ती जोडी गुंतवली की वाट बंद, आणि हिरवा उजेड. या तत्त्वावरून हवा तो संवेदक कसा आखायचा, हे पद्धतशीर दाखवण्यात मूळचे श्रीलंकेचे आणि बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात काम केलेले ए. पी. डिसिल्वा यांचा मोठा वाटा आहे.

प्रत्यक्षात कसं दिसतं सांगते. खोलीतले दिवे बंद, रंगाची कुपी फॉइलमध्ये गुंडाळलेली, पडद्यावर हीला पेशी (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या माणसाच्या कर्करोगाच्या पेशी) जेमतेम दिसताहेत. द्रावणात हिस्टामिन या शरीरातल्याच संदेशवाहक रसायनाचा थेंब सोडला की काही सेकंदांत एक पेशी उजळते, मग तिच्या पलीकडची. मग मंद होतात आणि पुन्हा उजळतात, प्रत्येक आपापल्या लयीत. शेजारशेजारच्या पेशींचीही लय जुळत नाही. पेशी मारून, रंगवून काचपट्टीवर चिकटवली असती तर ही लय कोणालाच दिसली नसती.

पेशी मरते का? मरू शकते, आणि हे तू विचारलंस म्हणून मला फार बरं वाटलं. तीव्र प्रकाशाने रंगद्रव्याजवळ क्रियाशील ऑक्सिजन तयार होतो. एस्टर कापला जाताना थोडं फॉर्माल्डिहाइड सुटतं. रंग जास्त भरला तर तोच कॅल्शियम धरून ठेवतो आणि जी लाट मोजायची तीच बोथट होते. म्हणून रंग कमीत कमी, उजेड कमीत कमी. शोधनिबंधातलं झगझगीत चित्र बघितलं की मी आधी शोधते, या पेशी दुसऱ्या दिवशी जिवंत होत्या का, त्यांचं विभाजन होत होतं का? पटलावर फोड आलेल्या, गोल झालेल्या पेशीचं कितीही सुंदर चित्र मला नको.

हिरव्या प्रथिनाबद्दल थोडक्यात. शिमोमुरा, चॅल्फी आणि चेन यांना 2008 चं नोबेल त्यासाठीच मिळालं, त्याची थोरवी निराळी सांगायला नको. हव्या त्या प्रथिनाला ते जनुकातूनच जोडता येतं. पण त्यासाठी पेशीत जनुक घालावं लागतं, आणि 238 अमिनो आम्लांचं हे ओझं ज्याला जोडू त्याला वागवावं लागतं. छोट्या रेणूला जनुक लागत नाही, रुग्णाकडून नुकत्याच घेतलेल्या पेशीतही तो चालतो. शिवाय त्याचा एकेक अणू आपल्या हातात असतो. दोन्ही लागतात.

प्रश्न : माझी मुलगी अशाच रेणूंवर पीएच.डी. करते. नातेवाईक विचारतात, याचा पेशंटला उपयोग कधी होणार? काय सांगू?
— एक आई, नाशिक

उत्तर : ताई, होतो आहे म्हणून सांगा. तुमच्या घरात कुणाला मधुमेह असेल तर डोळ्यांच्या दवाखान्यात हातात पिवळं इंजेक्शन देऊन पडद्याचे फोटो काढलेले आठवत असतील. त्वचा थोडी पिवळसर होते, लघवीलाही दिवसभर रंग येतो. ते फ्लुओरेसिन, जर्मन रसायनशास्त्रज्ञ बायर यांनी 1871 साली बनवलेलं. त्याने डोळ्याच्या पडद्यातल्या रक्तवाहिन्या कुठे गळताहेत ते दिसतं.

मेंदूच्या काही गाठींच्या शस्त्रक्रियेआधी रुग्णाला अमिनोलेव्ह्युलिनिक आम्लाचं द्रावण प्यायला देतात. ते स्वतः चमकत नाही. गाठीतल्या पेशी त्याचं पोर्फिरिन हे चमकणारं द्रव्य बनवून साठवतात आणि निळ्या उजेडात लालसर दिसतात, म्हणजे कुठवर कापायचं ते सर्जनला नजरेने कळतं. अमेरिकेत 2017 साली त्याला मंजुरी मिळाली. 2021 साली तिथेच पॅफोलासियानिन मंजूर झालं. फोलेट या जीवनसत्त्वाला जोडलेला हा रंग अंडाशयाच्या कर्करोगाच्या पेशी शोधून काढतो. तो जवळच्या अवरक्त प्रकाशात चमकतो, कारण तो प्रकाश मांसातून बराच आरपार जातो.

मुलीचा रेणू इथवर पोचेल का, हे आज तीही सांगू शकणार नाही, आणि घरच्यांनी तिला ते रोज विचारूही नये. विचारायचंच तर विचारा, तुझा रेणू कशाला ओळखतो आणि कशाला ओळखत नाही? तासभर बोलेल.