कुकरला खाच, टेपला हलणारं टोक : वाचकांच्या शंका

प्रश्न : बर्तन बाजारातून घेतलेल्या कुकरच्या झाकणाच्या कडेला एक लांबट खाच आहे. परवा वरण लावलं होतं, तेव्हा गास्केट त्या खाचेतून बाहेर डोकावलं आणि सगळी वाफ निघून गेली. खाच बुजवून घ्यावी का? (रामबाग, इंदूर)

उत्तर : मुळीच नाही! परवा कुकर फुटला नाही तो त्या खाचेमुळेच.

इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण 550 मीटर उंच. इथे उघड्या पातेल्यातलं पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळतं, आणि तुरीची डाळ रटरटत बसते. कुकरमध्ये दाब चढतो, पाणी 120 अंशांच्या जवळ जातं. दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 1 किलो इतका जादा दाब झाला की शिटीचं वजन उचललं जातं. हा पहिला बंदोबस्त. पाणी आटून कुकर कोरडा तापला तर सेफ्टी व्हॉल्व्हमधला मिश्रधातू वितळतो आणि वाफेला वाट मिळते, हा दुसरा. पण शिटीखालच्या नळीत डाळीचं साल अडकलं आणि तळाशी पाणीही शिल्लक असलं, तर शिटी उचलत नाही आणि व्हॉल्व्हही लगेच वितळत नाही. दाब मात्र चढतच राहतो. अशा वेळी रबर खाचेतून बाहेर ढकललं जातं आणि वाफ बाजूने निघते. झाकण आतून बसणाऱ्या कुकरला ही खाच नसते.

पुन्हा असं झालं तर आधी गॅस बंद करा. कुकर पूर्ण निवल्याशिवाय झाकणाला हात लावू नका. मग नळी उजेडाकडे धरून आरपार दिसतंय का बघा, नसेल तर तारेने साफ करा. खरं तर हे रोज झाकण लावण्याआधीच करायला हवं. डाळ-तांदूळ पाण्यासकट कुकरच्या निम्म्यावर जाऊ देऊ नका, बाकी पदार्थ दोन तृतीयांशापर्यंत चालतील. गास्केट कडक झालं, ताणलं गेलं किंवा चिरलं की बदला. सैल गास्केटला दोरा गुंडाळणं आणि उडालेल्या व्हॉल्व्हच्या जागी नट-बोल्ट बसवणं, हे दोन्ही उद्योग आपल्याकडे सर्रास चालतात. आमच्या मते ते घातक आहेत. व्हॉल्व्ह त्याच कंपनीचा घ्या. आणि कुकर शेगडीवर ठेवताना खाच आपल्या तोंडाकडे येऊ देऊ नका.

प्रश्न : थ्री-पिन प्लगची एक पिन लांब आणि जाड का? आणि पितळी पिनांना मधोमध चीर कशाला? (सुदामा नगर, इंदूर)

उत्तर : ती अर्थिंगची पिन. लांब असल्यामुळे प्लग खोचताना सगळ्यांत आधी तीच जोडली जाते आणि काढताना सगळ्यांत शेवटी सुटते, म्हणजे करंट असेपर्यंत अर्थिंग असतंच. जाड असल्यामुळे ती चुकून करंटच्या भोकात जात नाही. झडपा असलेल्या सॉकेटमध्ये खालच्या दोन भोकांच्या झडपाही तीच उघडते. वरच्या भोकात पेन खुपसून दोन पिनांचा चार्जर बसवणारे नेमकी हीच सोय मोडतात.

चिरेबद्दल एक समज फार पसरला आहे : पितळ तापून फुगतं, त्याला जागा हवी म्हणून चीर. हिशोब करून बघा. 5 मिलिमीटरची पितळी पिन 50 अंशांनी तापली तरी मिलिमीटरचा जेमतेम दोनशेवा भाग फुगते. चिरेचं खरं काम स्प्रिंगचं आहे, पिनेचे दोन्ही भाग सॉकेटच्या पत्र्याला आतून दाबून धरतात. वापरून चीर मिटली की पिन सैल बसते, ठिणग्या उडतात, प्लग गरम होऊन काळा पडतो. प्लग सॉकेटमधून काढून चपट्या पेचकसाने चीर किंचित फाकवा. इस्त्री-गिझरचा प्लग तरीही तापत असेल तर सॉकेट आतून जळलेलं असणार. महाराणी रोडवरून नवं आणा आणि बदलायच्या आधी मेन स्विच बंद करा.

प्रश्न : मोजायच्या टेपचं टोक हलत होतं, म्हणून रिव्हेट ठोकून पक्कं केलं. आता कपाटाच्या फळ्या अडकतात. (लोकमान्य नगर, इंदूर)

उत्तर : ते टोक मुद्दामच ढिलं असतं. ते स्वतःच्या जाडीइतकं, साधारण 1 मिलिमीटर, मागेपुढे सरकतं. फळीच्या कडेला अडकवून ओढलं की बाहेर येतं, भिंतीला टेकवून दाबलं की आत जातं, त्यामुळे दोन्ही मापं बरोबर येतात. आता तुमचं फळीचं माप आणि कपाटाच्या आतलं माप यांत तेवढा फरक पडणारच. नवा टेप आणेपर्यंत, जिथे जमेल तिथे 10 सेंटिमीटरच्या खुणेपासून मोजा आणि 10 वजा करा.

प्रश्न : कुलपाच्या तळाला किल्लीच्या भोकाशेजारी बारीक छिद्र कशाला?

उत्तर : पावसाचं पाणी निथळायला आणि तेल सोडायला. शिवणयंत्राचं तेल दोन थेंब घाला, खोबरेल नको. ते थंडीत थिजतं आणि लिव्हर अडकतात.