नंबर तोच, बस मात्र भलतीच : वाचकांचे प्रश्न, ताईची उत्तरं

मागच्या अंकात विचारलं होतं की शहरातल्या बसने फिरताना तुमचं घोडं नेमकं कुठे अडतं ते कळवा, तर पत्रं आणि ईमेल इतके आले की सगळे छापणं शक्यच नाही. गर्दी, उशीर, मोडक्या सीटा हे येणारच होतं, पण बऱ्याच जणांचा सूर वेगळा होता, बस मिळत नाही यापेक्षा बस कळत नाही असा. म्हणून यावेळी फक्त कळण्या-न कळण्याचेच प्रश्न घेतलेत.

ताई, मी नोकरीसाठी नवीन शहरात आलोय. ऑफिसला जाणाऱ्या बसचा नंबर कलीगने सांगितला, तोच बघून चढलो, तर निम्म्या रस्त्यात सगळे उतरले आणि ड्रायव्हर म्हणाला उतरा, गाडी इथूनच परत फिरणार. नंबर तर बरोबर होता, मग चुकलं काय?

तुझं काहीच चुकलं नाही रे, कलीगने तुला अर्धीच माहिती दिली आणि ती पण बिचाऱ्याला कळलं नसणार, कारण रोज जाणाऱ्याला उरलेली अर्धी सांगायची असते हेच लक्षात येत नाही. एका नंबरखाली दोन-तीन वेगवेगळ्या बस धावत असतात. एक पूर्ण मार्गाची. एक मधूनच फिरणारी, कारण गर्दी मधल्याच भागात जास्त असते आणि शेवटपर्यंत रिकामी गाडी न्यायची कशाला, म्हणून गर्दीच्या वेळी तेवढ्याच टप्प्यात जास्तीच्या फेऱ्या टाकतात. आणि रात्री डेपोत परत जाणारी गाडी, ती जाता जाता माणसं घेते पण डेपोपाशी संपते. त्यात कुठे नंबरपुढे एखादं अक्षर जोडलेलं, म्हणजे एखाद्या ठिकाणी फाटा फुटतो, आणि कुठे जलद गाडी, जी तुझ्या स्टॉपसमोरून जाते पण थांबत नाही.

त्यामुळे बस येताना दिसली की नंबर वाचून डोळे मिटू नकोस, लगेच पुढचं शेवटच्या स्टॉपचं नाव वाच, तुला जायचंय ते ठिकाण त्या नावाच्या अलीकडे आहे का एवढंच बघायचं. आणि विचारताना "ही अमुक नंबरची ना" असं विचारू नकोस, लोक हो म्हणतात आणि ते खरंही असतं. "अमुक ठिकाणी जाते का" हेही पुरेसं नाही, जलद गाडी जातेच की. "अमुक स्टॉपवर थांबते का" असं विचार, मग चुकीला जागा कमी राहते.

आता नंबरातच सगळं कळेल अशी सोय करता येते का, तर येते. दक्षिण कोरियात सोलने १ जुलै २००४ ला एका दिवसात सगळी बसव्यवस्था बदलली, शहराचे ० ते ७ असे विभाग पाडले, आणि लांब पल्ल्याच्या निळ्या बसला तीन आकडी नंबर दिला, पहिला आकडा सुटते तो विभाग, दुसरा पोचते तो विभाग, तिसरा नुसता अनुक्रमांक. हिरवी बस जवळच्या भागातली आणि मेट्रो स्टेशनला जोडणारी, लाल शहराबाहेर जाणारी, पिवळी गोल फिरणारी. पहिले काही दिवस हाहाकार झाला, लोकांनी वर्षानुवर्षं पाठ केलेले नंबर एका रात्रीत बाद झाले होते. पण नवखा माणूस निदान अंदाज तरी बांधू शकतो. बाकी बहुतेक शहरांत नंबर जसे सुचले तसे पडलेत, नवा मार्ग सुरू झाला की पुढचा रिकामा आकडा, मार्ग बंद झाला की तिथे खड्डा, फाटा काढला की एक अक्षर चिकटवलं. त्यात तर्क शोधू नकोस, डोकं पिकेल.

जाताना बरोबर पोचले. येताना उतरले होते त्याच्या समोरच्या बाजूला जाऊन उभी राहिले, बाकीच्या बस येत होत्या पण माझी काही येईना. शेवटी चालत निघाले तर ती बस मागच्या गल्लीतून जाताना दिसली! असं का करतात?

समोरच्या बाजूचा नियम फक्त दुहेरी रस्त्यावर चालतो. रस्ता एकेरी असेल तर परतीची बस शेजारच्या समांतर रस्त्याने येणार, आणि तो एक गल्ली सोडून असू शकतो नाहीतर चांगला दहा मिनिटं लांब. शेवटच्या टप्प्यात आणखी गंमत असते, मोठी गाडी वळवायला जागा नसते म्हणून ती चार-पाच स्टॉपचा एक गोल मारते, त्या गोलात परतीचा वेगळा स्टॉपच नसतो, जिथे उतरलात तिथेच परत चढायचं. आणि गोल मार्गाची बस असेल तर कुठल्या दिशेने फिरतेय ते आधी बघायचं, नाहीतर दोन स्टॉपसाठी अख्ख्या शहराला प्रदक्षिणा.

यावर एक साधी युक्ती सांगते. जाताना खिडकीतून समोरून येणाऱ्या गाड्यांकडे लक्ष ठेवायचं. तुमच्याच नंबरची बस समोरून आली तर त्या भागात परतीचा रस्ता तोच आहे. बराच वेळ एकही दिसली नाही तर समजायचं की परतीचा मार्ग बहुधा वेगळा आहे, आणि उतरल्या उतरल्या, म्हणजे कामाला आत शिरायच्या आधी, परतीचा स्टॉप शोधून ठेवायचा. संध्याकाळी दमलेल्या अवस्थेत आणि संपत आलेल्या बॅटरीवर तो शोधणं म्हणजे शिक्षा आहे.

मोठ्या चौकात तर एकाच नावाचे पाच-सहा खांब असतात, चारी रस्त्यांवर विखुरलेले, आणि प्रत्येकावर वेगळ्या बस. लंडनमध्ये यासाठी प्रत्येक खांबाच्या डोक्यावर अक्षर असतं, आणि तक्त्यात बघायचं की मला अमक्या ठिकाणी जायचंय, त्याला हा नंबर, आणि तो या अक्षराच्या स्टॉपवरून. इतकी साधी गोष्ट, एक पत्र्याची पाटी आणि एक अक्षर, याला फार पैसे लागत असतील असं मला वाटत नाही. जिथे ती नाही तिथे स्टॉपच्या नावावर विसंबू नका, नकाशावर नेमका खांब कुठे दाखवतोय ते मोठं करून बघा.

अ‍ॅपवर बस ३ मिनिटांत येतेय असं दिसतं, मग २, मग १, मग यादीतून गायबच होते. बस आलेलीच नसते. हे अ‍ॅप खोटं बोलतं का?

खोटं नाही, पण ते वेळापत्रक वाचून दाखवतंय आणि तुम्हाला वाटतंय की त्याला बस दिसतेय. इथेच बरेच जण फसतात म्हणून जरा सविस्तर सांगते.

अ‍ॅपकडे दोन प्रकारच्या वेळा येतात. एक छापील वेळापत्रक, जे बसवाल्यांनी आधी देऊन ठेवलेलं असतं. २००५ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराची ट्रायमेट ही वाहतूक संस्था आणि गूगल यांनी मिळून हे वेळापत्रक एका ठरावीक साच्यात द्यायची पद्धत बसवली, तिला जीटीएफएस म्हणतात, आणि ऐकायला भारी वाटलं तरी आत काय तर साध्या मजकुराच्या फायली, एकीत स्टॉप, एकीत मार्ग, एकीत फेऱ्या, एकीत कुठली फेरी कुठल्या स्टॉपवर किती वाजता. जगभरातली कितीतरी शहरं आज हाच साचा वापरतात, म्हणून एकच अ‍ॅप दुसऱ्या देशातही चालतं. दुसरी वेळ म्हणजे थेट माहिती, बसमधल्या जीपीएसवरून येणारी, गाडी आत्ता कुठे आहे ती. ही दुसरी नसेल, किंवा त्या गाडीचं यंत्र बंद असेल, तर बरीच अ‍ॅप गुपचूप पहिलीवर जातात. आता सकाळी ड्रायव्हर आला नाही म्हणून फेरी रद्द झाली आणि ती रद्द झाल्याची नोंद कोणी केली नाही, तर वेळापत्रकात ती फेरी जिवंतच असते, वेळ झाली की "आली" आणि गेली.

ओळखायचं कसं? बहुतेक अ‍ॅपमध्ये थेट माहितीला वेगळा रंग किंवा लहरींसारखी खूण असते, ती आधी शोधा. खूण सापडत नसेल तर मिनिटांचं वागणं बघा. ३, २, १ असं घड्याळासारखं शिस्तीत उतरत असेल तर संशय घ्या, कारण खरी बस सिग्नलला अडकते, तिची मिनिटं ४ ची ५ होतात, परत ४, मग एकदम २. आकडा अडखळतोय म्हणजे बस खरी आहे असं मी तरी समजते. आणि नकाशावरचा ठिपका पहिल्याच स्टॉपवर बसून असेल तर त्या वेळेवर फार भिस्त ठेवू नका, गाडी अजून सुटलेलीच नाही, कधी सुटेल ते ड्रायव्हरचा चहा ठरवणार.

मी गणिताचा निवृत्त शिक्षक. वेळापत्रकात तासाला तीन बस लिहिल्यात, म्हणजे सरासरी १० मिनिटं थांबायला हवं. प्रत्यक्षात मी त्याच्या कितीतरी पट थांबतो आणि मग दोन-तीन बस एकदम येतात. हा माझा भ्रम की खरंच तसं असतं?

भ्रम अजिबात नाही सर, हे गणितच आहे. वीस-वीस मिनिटांनी तीन बस आल्या तर सरासरी थांबणं १० मिनिटं, बरोबर. पण त्याच तीन बस २, २ आणि ५६ मिनिटांच्या अंतराने आल्या तर? कागदावर दोन्हीकडे तासाला तीनच. पण आपण स्टॉपवर कधीही टपकतो आणि ५६ मिनिटांच्या पोकळीत सापडायची शक्यता कितीतरी जास्त. प्रत्येक अंतराचा वर्ग करून बेरीज घ्या, ३१४४ येते, तिला १२० ने, म्हणजे तासाच्या ६० मिनिटांच्या दुपटीने भागा, सरासरी थांबणं २६ मिनिटांच्या वर जातं. म्हणजे बस तेवढ्याच, पैसे तेवढेच, आणि थांबणं अडीच पटीच्या वर.

आता त्या एकत्र का येतात, तर पुढची बस जरा उशिरा झाली की स्टॉपवर माणसं जास्त साठतात, त्यांना चढायला वेळ लागतो, ती आणखी मागे पडते, मागच्या बसला मात्र माणसंच मिळत नाहीत, ती सुसाट येऊन पुढचीला गाठते. १९६४ साली नेवेल आणि पॉट्स या दोन संशोधकांनी हे गणिताने मांडून दाखवलं होतं, तेव्हा यात ड्रायव्हर गप्पा मारत बसतात वगैरे जे आपण म्हणतो ते निदान मुख्य कारण तरी नाही. उपाय म्हणजे मागच्या बसला मुद्दाम मध्ये थोडं थांबवून धरणं, जे आत बसलेल्यांना मुळीच आवडत नाही. तुमच्यापुरता फायदा एवढाच की मागची बस मागोमाग येतेय असं अ‍ॅपवर खात्रीने दिसत असेल तर पहिली खच्चून भरलेली सोडून द्या, मागचीत बसायला जागा असते.

माझी आई थेट बससाठी पाऊण पाऊण तास थांबते. मी सांगते की मध्ये बदलून जा, लवकर पोचशील, तर म्हणते बदलायची कटकट नको. कोण बरोबर?

हिशोबाने तू. थेट बस तासाला एक असेल आणि वेळ न बघता गेलं तर सरासरी अर्धा तास थांबणं आलं, आणि दर १० मिनिटांनी येणाऱ्या दोन बस बदलून गेलं तर ५ अधिक ५. अख्खी शहरं या हिशोबावर बदललीत. अमेरिकेतल्या ह्यूस्टनने १६ ऑगस्ट २०१५ ला सगळं बसजाळं एका रात्रीत नवीन केलं, जास्त मार्गांवर सारख्या सारख्या बस, आणि नकाशावर दर १५ मिनिटांनी किंवा त्याहून लवकर येणारे मार्ग लाल रंगात. बार्सिलोनाने २०१२ ते २०१८ या काळात टप्प्याटप्प्याने चौकटीसारखं जाळं विणलं, समुद्राला समांतर जाणाऱ्या बसला एच, समुद्राकडून डोंगराकडे जाणाऱ्या बसला व्ही, तिरक्या जाणाऱ्यांना डी, बऱ्याचदा एकदा बदललं की काम होतं.

पण तुझ्या आईचंही ऐक. बदलायचं म्हणजे मोठा रस्ता ओलांडायचा असेल, दुसऱ्या स्टॉपवर बसायला बाकडं नसेल, अंधार असेल, किंवा दुसऱ्या बसला परत पूर्ण तिकीट पडत असेल, तर तिची कटकट खरी आहे, आणि दुसरी बस चुकली तर मध्येच अडकायची भीती पण खरी आहे. एकदा तिच्याबरोबर जा, जिथे एकाच खांबावर उतरून त्याच खांबावर चढता येतं असा स्टॉप निवड. तसा नसेल तर तिला थेट बसची वेळ लिहून दे म्हणजे पाऊण तास तरी थांबायला नको.

मेट्रोचा नकाशा एका नजरेत कळतो, बसचा बघितला की गरगरतं. नकाशा काढणाऱ्यांना येत नाही का?

मेट्रोचे मार्ग मोजके असतात हो. शिवाय तो सोपा नकाशाही आपोआप आलेला नाही, लंडनच्या हॅरी बेकने १९३१ मध्ये खरी अंतरं आणि वळणं सोडून फक्त सरळ आणि तिरक्या रेघांत तो काढला आणि १९३३ मध्ये लोकांच्या हातात पडला. बोगद्यातल्या माणसाला वर रस्ता कुठे वळतो त्याच्याशी देणंघेणं नसतं म्हणून ते खपलं. बसवाल्याला रस्ता हवाच असतो, आणि शंभर मार्ग एकाच जाडीच्या रेघेने काढले की दिवसातून दोनदा जाणारी आणि दर पाच मिनिटांनी जाणारी सारखीच दिसते, गरगरतं ते त्यामुळे. तुमचा स्वतःचा नकाशा काढा. घरापासून चालत जाता येईल अशा स्टॉपवरून सारख्या मिळणाऱ्या तेवढ्याच बस, आणि त्या एकमेकींना कुठे भेटतात ते दोन-तीन चौक. बाकी नंबर विसरलात तरी चालेल.

मला लांबून नंबर दिसत नाही. दिसेपर्यंत बस निघून जाते.

तुमच्यासारखी बरीच पत्रं आहेत. स्टॉपच्या त्या टोकाला उभे राहा जिथे बसचं पुढचं दार येतं, आणि हात आधीच दाखवून ठेवा, चुकीची थांबली तर ड्रायव्हरला "नको" म्हणायला लाजू नका. फोनचा कॅमेरा लांबचं मोठं करून दाखवतो, त्यातून पाटी वाचता येते. शेजारच्याला नंबर नाही, जायचंय ते ठिकाण सांगून ठेवा, त्याची बस आधी आली तर जाताना तो दुसऱ्या कोणाला सांगून जातो, हे बहुतेक वेळा होतं. आणि पाटीवरचे दिवे गेलेली किंवा पाटीच नसलेली बस आली तर तारीख, वेळ, स्टॉप आणि गाडीच्या मागचा क्रमांक लिहून तक्रार कराच, "पाट्या दिसत नाहीत" अशा मोघम तक्रारीवर कोणती गाडी दुरुस्त करायची ते डेपोला कळत नाही.