इंदूरमध्ये घरच्या वाफ्यातील ब्रोकोलीचे गड्डे लहानच का राहतात आणि ते नेमके कधी कापावेत?

आपण लिहिले आहे की नोव्हेंबरच्या अखेरीस रोपवाटिकेतून आणून लावलेल्या सहा रोपांना फेब्रुवारीत जेमतेम लिंबाएवढे गड्डे आले, ते वाढतील म्हणून आपण थांबलात आणि आठवड्याभरात त्यांची पिवळी फुले झाली. तेव्हा चूक खताची झाली की कापणीची, असा आपला प्रश्न आहे. राजेंद्रनगरमधील आमच्या घरामागच्या वाफ्यात मी गेली अकरा वर्षे ब्रोकोली लावत आहे आणि आपल्यासारखेच नुकसान पहिल्या दोन हंगामांत मीही सोसले आहे. माझ्या मते मूळ चूक तारखेची आणि रोपाच्या वयाची होती. कापणीची चूक तिच्या मागोमाग आली.

ब्रोकोलीचा जो भाग आपण खातो, तो म्हणजे न उमललेल्या कळ्यांचा घट्ट गुच्छ. हा गुच्छ १५ ते २० अंशांच्या आसपासच्या हवेत सावकाश आणि भरदार वाढतो, आणि ऊन तापू लागले की कळ्या फुलण्याची घाई करतात. आपल्या माळव्यात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री दहा अंशांच्या जवळपास उतरतात आणि दुपारही सोसवेल इतपतच तापते. फेब्रुवारीच्या मध्यानंतर मात्र दुपारचा पारा तिशीकडे सरकू लागतो. म्हणजे गड्डा भरण्यासाठी आपल्या हातात दोनच महिने असतात. लावणीपासून गड्डा तयार व्हायला जातीनुसार ६० ते ८० दिवस आणि त्याआधी रोप तयार व्हायला चार ते पाच आठवडे लागतात, हा हिशेब उलटा मांडला की बी सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात पेरणे आणि रोपे ऑक्टोबरच्या अखेरीस वाफ्यात लावणे भाग पडते. पेरणीच्या वेळी पावसाची एखादी सर येतेच, म्हणून मी ट्रे पत्र्याच्या पडवीत ठेवते आणि चौथ्या-पाचव्या दिवशी अंकुर दिसताच सकाळच्या उन्हात हलवते, नाहीतर रोपे उंच आणि लेचीपेची होतात.

रोपाचे वय हा दुसरा मुद्दा. चार-पाच खरी पाने आलेले रोप लावण्यास योग्य असते. मी पहिल्या वर्षी एका रोपवाटिकेतून आणलेली रोपे दिसायला मोठी आणि टवटवीत होती, परंतु पिशवी फाडली तेव्हा मुळे तळाशी गोल गोल गुंडाळून पांढरी जाळी झालेली आढळली. अशा कोंडलेल्या, वय झालेल्या रोपाला पाने पुरेशी येण्याआधीच बटणाएवढा गड्डा धरतो आणि मग कितीही खत घातले तरी तो वाढत नाही. आपल्या रोपांचेही बहुधा हेच झाले असावे. शक्य असेल तर बी स्वतः पेरावे. पुसा ब्रोकोली केटीएस-१ आणि पालम समृद्धी या दोन्ही जाती आपल्याकडच्या संशोधकांनीच तयार केलेल्या आहेत आणि घरच्या बागेस उत्तम आहेत.

इंदूरची काळी माती सकस असली तरी पाणी धरून ठेवते आणि सुकली की तिला भेगा पडून कोवळी मुळे तुटतात. यासाठी मी वीतभर उंचीचा गादीवाफा करते, त्यात चांगले कुजलेले शेणखत आणि प्रत्येक खड्ड्यात ओंजळभर निंबोळी पेंड मिसळते, दोन रोपांत ४५ सेंटिमीटर अंतर ठेवते आणि वर वाळलेल्या गवताचा थर पसरते. कुंडीत लावायचे असल्यास एका मोठ्या कुंडीत एकच रोप लावावे. लावणीनंतर तीन आठवड्यांनी आणि मध्यभागी गड्डा रुपयाएवढा दिसू लागला की पुन्हा एकदा गांडूळखत द्यावे. युरियाचा मोह टाळावा. नत्र जास्त झाले की दांडा भराभर वाढून आतून पोकळ होतो. पोकळीच्या कडा तपकिरी दिसल्या, तर बोरॉनची कमतरता असण्याचा संभव असतो.

किडींत खरा त्रास हिरव्या बारीक अळीचा आणि करड्या माव्याचा. ही अळी बोट लागताच तडफडत मागे सरते आणि धाग्याला लोंबकळते, त्यावरून ती ओळखावी. मी वाफ्याच्या कडेने मोहरीची एक ओळ लावते. बरीच कीड तिकडे ओढली जाते. एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि थोडे साबणाचे पाणी मिसळून संध्याकाळी फवारले की पुरते, मात्र गड्डा धरल्यावर मी त्यावर काहीही फवारत नाही. कापलेला गड्डा मिठाच्या पाण्यात अर्धा तास उलटा बुडवला की लपलेल्या अळ्या बाहेर येतात.

आता कापणीविषयी. आकाराची वाट पाहणे सोडावे आणि रोज सकाळी कळ्या पाहाव्यात. तयार गड्डा निळसर झाक असलेल्या गडद हिरव्या रंगाचा असतो, त्यावर दवाचा थेंब मोत्यासारखा घरंगळतो, आणि अंगठ्याने दाबले असता तो दबत नाही. बदल प्रथम कडेला होतो: कडेच्या कळ्या खसखशीसारख्या एकमेकींना चिकटलेल्या असायच्या, त्या मोहरीच्या दाण्याएवढ्या फुगून सुट्या दिसू लागतात. ही खूण दिसली की गड्डा दहा सेंटिमीटरचा असो वा पंधराचा, त्याच दिवशी कापावा. एका वर्षी संक्रांतीनंतर आम्ही चार दिवस लग्नासाठी पुण्याला गेलो. जाताना कडा सैल दिसत असूनही आणखी वाढेल म्हणून मी गड्डा ठेवला, आणि परतले तेव्हा तीन रोपे पिवळी झाली होती. कोवळ्या गड्ड्याची गोडी त्या फुलांत उरत नाही, याचे मला अजूनही वाईट वाटते.

ऊन चढण्यापूर्वी धारदार सुरीने, दहा-बारा सेंटिमीटर दांड्यासह, तिरका काप घ्यावा म्हणजे कापावर पाणी साचून दांडा कुजत नाही. रोप मात्र उपटू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. खालची पाने राखून थोडे खत-पाणी दिले की दोन-तीन आठवड्यांत पानांच्या बेचक्यांतून फुटवे निघतात. ते लहान असले तरी चवीला तसेच असतात, आणि जितके वेळेवर कापावेत तितके नवे येतात. माझ्या चांगल्या रोपांवर फेब्रुवारीअखेरपर्यंत सात-आठ फुटवे मिळतात. कापलेला गड्डा ओल्या फडक्यात गुंडाळून लगेच फ्रिजमध्ये ठेवावा, केळी-सफरचंदांपासून दूर, कारण पिकणाऱ्या फळांमुळे तो लवकर पिवळा पडतो. दांड्याची साल काढून आतला गर कोशिंबिरीत घालावा आणि कोवळ्या पानांची मूगडाळ घालून भाजी करावी.

आपली फुललेली रोपे मधमाश्यांसाठी काही दिवस राहू द्यावीत, पण त्यांचे बी पुढच्या वर्षासाठी धरू नये. आसपास फुललेल्या कोबी-फ्लॉवरशी त्यांचा सहज संकर होतो.