आई-बाबांची फाइल आणि भावांची फाइल

वडोदरा

चि. सौ. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे सविस्तर पत्र मिळाले. पुढच्या महिन्यात तू अमेरिकेच्या नागरिकत्वाची शपथ घेशील आणि लगोलग आई-बाबा, दादा आणि धाकटा अशा चौघांच्याही फाइली, म्हणजे त्यांना तिकडे कायमचे बोलावण्याचे अर्ज, टाकून मोकळी होशील, हा तुझा बेत वाचला. माझे मत आधीच सांगून टाकतो. दादाची आणि धाकट्याची फाइल तू शपथ घेतल्यावर जितक्या लवकर टाकता येईल तितक्या लवकर टाक. आई-बाबांची मात्र तूर्त टाकू नकोस. तुला हे उफराटे वाटेल, कारण कायद्याने आई-बाबांचे काम सर्वांत सोपे आहे आणि भावांचे सर्वांत लांबणीचे. पण घाई कुठे करावी हे काम किती सोपे आहे यावर ठरत नाही.

ग्रीन कार्ड असेपर्यंत तुला नवरा आणि अविवाहित मुले यांच्यापलीकडे कोणासाठीही अर्ज करता येत नव्हता. नागरिक झाल्यावर आणि वय एकवीस पूर्ण असल्यामुळे तू आई-वडिलांसाठी अर्ज करू शकतेस, आणि त्या नात्याला वार्षिक संख्येची मर्यादा नाही, म्हणून रांगही नाही. कागद तपासायला जो वेळ लागेल तेवढाच. भावंडांचे तसे नाही. त्यांच्यासाठी साऱ्या जगाला मिळून वर्षाला सुमारे ६५,००० व्हिसा आहेत, त्यांतच भावाची बायको आणि मुलेही मोजली जातात, आणि शिवाय कोणत्याही एका देशाला एकूण कोट्याच्या सात टक्क्यांहून अधिक वाटा मिळत नाही. परिणामी २०२५ च्या व्हिसा बुलेटिनमध्ये, म्हणजे कोणत्या तारखेच्या अर्जांचा नंबर लागला हे सांगणाऱ्या अमेरिकी सरकारच्या पत्रकात, भारतीय भावंडांच्या रांगेत २००६ साली दाखल झालेल्या अर्जांचा नंबर लागत होता. ही रांग पुढे सरकताना वर्षाला वर्षभरही सरकत नाही, म्हणून आज अर्ज करणाऱ्याने एकोणीस वर्षांचा हिशेब धरला तर तोही कमीच पडण्याचा संभव आहे.

मग इतक्या लांबच्या गोष्टीसाठी घाई कशाला, असे तू विचारशील. रांगेतली जागा ही अर्ज ज्या तारखेला दाखल होतो त्या तारखेवर ठरते, आणि ती तारीख मागाहून विकत मिळत नाही. एप्रिल २०२४ पासून ऑनलाइन अर्जाचे शुल्क ६२५ डॉलर आहे; भरण्यापूर्वी ताजा आकडा पाहून घे, पण तुझ्या मिळकतीत ही रक्कम अशी नाही की जिच्यासाठी दोन वर्षे वाट पाहावी. दुसरे कारण राजकीय आहे. २०१३ साली अमेरिकी सिनेटने संमत केलेल्या विधेयकात भावंडांचा वर्गच बंद करण्याची तरतूद होती; ते विधेयक प्रतिनिधिगृहात पुढे गेले नाही, पण तो विचार तिथे अधूनमधून डोके वर काढत असतो. उद्या असा कायदा झालाच तर दाखल अर्जांचे काय होईल हे त्या कायद्याच्या मसुद्यावर अवलंबून राहील. न टाकलेल्या अर्जाला मात्र कोणीच विचारणार नाही.

दादाला मात्र एक गोष्ट स्पष्ट शब्दांत लिही. त्याची मुलगी आज सात वर्षांची आहे. भावाच्या अर्जावर मुले येतात ती एकवीस वर्षांच्या आतील आणि अविवाहित असतील तरच. २००२ साली झालेल्या एका कायद्यामुळे, इमिग्रेशन खात्याने अर्ज मंजूर करायला जितका काळ घेतला असेल तितका काळ मुलाच्या वयातून वजा होतो. त्यामुळे अर्ज मंजुरीविना काही वर्षे पडून राहिला तर तक्रार करू नका, ते तिच्या पथ्यावरच पडेल. तरीही रांगेची आजची लांबी पाहता ती वयात बसेल या भरवशावर तिचे शिक्षण आखू नये. आपल्या या गुजरातमध्ये मी अशी घरे पाहिली आहेत की जिथे अमेरिकेतल्या बहिणीने फाइल टाकली म्हणून भावाने दुकान वाढवले नाही, घर बांधले नाही आणि मुलांना ‘तिकडे गेल्यावर बघू’ असे म्हणत साधारण कॉलेजात घातले. नंबर लागला तेव्हा भाऊ निवृत्तीला आला होता आणि मुले एकविसाच्या पुढे गेली होती. दादाने मकरपुऱ्याची नोकरी सोडून स्वतःचा कारखाना काढायचे मनात आणले आहे ना, तो त्याने अवश्य काढावा. आणि अर्ज झाल्यानंतर त्याने कधी पर्यटक व्हिसा मागितला, तर ‘तुमच्यासाठी कोणी इमिग्रेशनचा अर्ज केला आहे काय’ या प्रश्नाला होय असेच उत्तर द्यायचे आहे, मग व्हिसा मिळो न मिळो. तिथे दडवलेली गोष्ट वीस वर्षांनी मुलाखतीच्या टेबलावर निघते.

धाकट्याचे प्रकरण निराळे आहे आणि तुझ्या पत्रातला मला न पटलेला भाग तोच आहे. तू लिहितेस की आई-बाबांना आधी ग्रीन कार्ड मिळवून द्यावे आणि मग त्यांनी धाकट्यासाठी अर्ज करावा, कारण ती रांग आखूड आहे. हे खरे आहे. ग्रीन कार्डधारकांच्या एकवीस वर्षांवरील अविवाहित मुलांच्या वर्गात २०२५ मध्ये २०१६ च्या आसपासच्या अर्जांचा नंबर होता, म्हणजे भावंडांच्या रांगेच्या निम्म्याहूनही कमी. परंतु त्यातली अट तू दोन ओळींत उडवून लावली आहेस: आई किंवा बाबा नागरिक होण्यापूर्वी त्याने लग्न केले, तर तो अर्ज त्याच दिवशी संपतो. नागरिक व्हायला त्यांना ग्रीन कार्डानंतर पाच वर्षे लागणार, त्यांतले निदान निम्मे दिवस प्रत्यक्ष अमेरिकेत काढावे लागणार. सध्या त्याच्यासाठी स्थळे येत आहेत. अठ्ठाविसाव्या वर्षी मुलाला ‘आणखी सहा-सात वर्षे थांब’ म्हणणे, किंवा त्याहून वाईट म्हणजे लग्न करून कागदावर अविवाहित राहा म्हणणे, हा सल्ला रावपुऱ्यात बसलेले काही एजंट अगदी सहजपणे देतात. दुसऱ्या प्रकाराला फसवणूक म्हणतात आणि तिची शिक्षा बहुधा कायमची प्रवेशबंदी असते.

शिवाय या योजनेत आई-बाबा हे धाकट्यासाठी लावलेली शिडी होतात. न्यू जर्सीच्या थंडीत त्यांनी पाच वर्षे काढायची ती स्वतःला तिथे राहायचे आहे म्हणून नव्हे, तर रांग तुटू नये म्हणून. हे त्यांना कोणी नीट समजावून सांगितले आहे काय? तुझ्या आईला मी परवा सूरसागरजवळ भेटलो तेव्हा ती म्हणाली, ‘मुलगी म्हणते तर जाऊ.’ या उत्तराला मी होकार मानत नाही.

आई-बाबांकडे आज दहा वर्षांचा पर्यटक व्हिसा आहे. त्यावर ते येतात, बहुतेक वेळा सहा महिने राहायची परवानगी मिळते, उन्हाळा-पावसाळा तुझ्याकडे काढतात आणि दिवाळीला घरी असतात. ग्रीन कार्ड घेतले की ही सोय संपते. कायमच्या रहिवाशाने अमेरिकेतच राहावे अशी अपेक्षा असते. सलग सहा महिन्यांहून अधिक बाहेर राहिल्यास नागरिकत्वासाठीच्या वास्तव्यात खंड पडल्याचे धरले जाऊ शकते, आणि वर्षाहून अधिक राहिल्यास नुसत्या कार्डावर परत प्रवेश मिळत नाही. दोन वर्षांपर्यंतचे री-एंट्री परमिट, म्हणजे परत प्रवेशाचा परवाना, मिळते, पण त्याचा अर्ज अमेरिकेत असतानाच करावा लागतो. बाबांना इथल्या नाटकमंडळींचा आणि संध्याकाळच्या फिरण्याचा लळा आहे. ते वर्षातून दोनदा धावपळ करून कार्ड जिवंत ठेवतील आणि दोन्हीकडे पाहुणेच राहतील.

आजारपणाचा विचार तर सर्वांत आधी करायला हवा. पासष्टी ओलांडलेल्या नव्या रहिवाशाला मेडिकेअरमध्ये, म्हणजे तिथल्या ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्यात, हप्ता भरून सामील होण्यासाठीही अमेरिकेत सलग पाच वर्षांचे वास्तव्य लागते. तोवर बाजारातला आरोग्यविमा तुम्हीच विकत घ्यायचा. बाबांच्या दोन स्टेंट आणि आईचा मधुमेह लक्षात घेऊन, त्यांच्या वयाला तुमच्या राज्यात हप्ता किती पडतो हे फाइल टाकण्यापूर्वी लेखी मागव. प्रवासी विम्याच्या सवयीने अंदाज बांधू नकोस.

करांचीही गोष्ट तीच. ग्रीन कार्ड हाती आल्यापासून बाबांचे पेन्शन, मुदत ठेवींवरचे व्याज आणि वरच्या मजल्याचे भाडे हे सारे अमेरिकेच्या विवरणपत्रात दाखवावे लागते, आणि भारतातल्या सर्व खात्यांची मिळून रक्कम वर्षात कधीही १०,००० डॉलरवर गेली तर त्या खात्यांची वेगळी माहिती दरवर्षी द्यावी लागते. बाबा आयुष्यभर बँकेत होते, त्यांना नियमांची भीती नाही; पण आपल्या म्युच्युअल फंडांवर अमेरिकेचे कर-नियम किती किचकट आहेत हे त्यांना अजून कोणी सांगितलेले दिसत नाही. दोन्ही देशांचे कायदे जाणणाऱ्या सनदी लेखापालाला एक तास दे. त्याची फी वसूल होईल.

आणखी एक मुद्दा तू लिहिला नाहीस, पण तो या सगळ्यात आहे. अर्जासोबत तू निर्वाहाचे हमीपत्र देशील, म्हणजे आय-८६४. तुम्ही दोघे आणि आई-बाबा असे चार माणसांचे कुटुंब धरले तर २०२५ च्या दराने वर्षाला चाळीस हजार डॉलरच्या किंचित वर उत्पन्न दाखवावे लागते, आणि ते तुझे एकटीचे पुरत नसेल तर जावईबापूंनाही सही करावी लागेल. ही हमी आई-बाबा नागरिक होईपर्यंत, किंवा त्यांच्या नावावर सुमारे दहा वर्षांच्या कामाचे चाळीस तिमाही हिशेब जमा होईपर्यंत, किंवा ते देश कायमचा सोडेपर्यंत चालते. पती-पत्नी विभक्त झाले तरी सुटत नाही. लेकीच्या घरी कायम राहायला आपल्याकडच्या आई-वडिलांना जो संकोच वाटतो त्याला तू जुनाट म्हणशील. तो जुनाट असला तरी खरा आहे, आणि म्हणून जावयाने स्वतः बाबांना फोन करून बोलवावे, तुझ्यामार्फत नव्हे.

या सगळ्यानंतर दोघांनी मनापासून हो म्हटले तर फाइल अवश्य टाक. तेव्हा प्रत्येकाची वेगळी टाकावी लागेल, कारण या वर्गात एकाच्या अर्जावर दुसरा येत नाही. आणि ते पर्यटक म्हणून तिथे आलेच आहेत तर तिथल्या तिथे अर्ज करून घेऊ, असा विचार आधीच मनात धरून त्यांना बोलावू नकोस. विमानतळावर ‘फिरायला आलो’ म्हणून आत जाणे आणि हेतू निराळा असणे याला अधिकारी खोटे निवेदन म्हणतात.

कागदपत्रांचे काम मात्र आजच सुरू करायला हरकत नाही, कारण ते भावांच्या फाइलींनाही लागणारच. भावंडांच्या अर्जात तुमचा निदान एक पालक समान आहे हे तुम्हा प्रत्येकाच्या जन्मदाखल्यावरून सिद्ध करायचे असते, आणि गाठ नेमकी तिथेच आहे. दादाचा जन्म आईच्या माहेरी साताऱ्याला झाला, म्हणून त्याची नोंद साताऱ्याच्या नगरपालिकेत असेल; तुझी आणि धाकट्याची इथे महानगरपालिकेत. तुझ्या दाखल्यावर नावाचा रकाना कोरा आहे, कारण नोंद बारशाच्या आधी इस्पितळाने केली. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या १४ व्या कलमाने नाव मागाहून घालता येते. इतक्या वर्षांनी नकार मिळालाच तर शाळा सोडल्याचा दाखला आणि वडीलधाऱ्या नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रे जोडावी लागतील. बाबांच्या नावाला इथल्या गुजराती कारकुनाने एका दाखल्यात ‘भाई’ लावले आहे, दुसऱ्यात ‘राव’ आहे आणि पासपोर्टात दोन्ही नाहीत. आईचे तर लग्नात नावही बदलले: साताऱ्याच्या दाखल्यावर ती एका नावाची, पासपोर्टावर दुसऱ्या. तुझेही आडनाव बदललेले, म्हणून तुझे विवाह नोंदणी प्रमाणपत्र हे माहेर-सासरची नावे जोडणारा कागद म्हणून हवे. गुजराती दाखल्यांचे इंग्रजी भाषांतर करून त्यावर भाषांतरकाराची ग्वाही घ्यावी.

आई-बाबांच्या लग्नाची नोंदणी त्या काळी झालेली नाही. ती आता इथे करून घेता येईल. लग्नपत्रिका आणि विधीचे फोटो मिळाले तर काम सोपे होते. बाबांसाठी अर्ज करताना ते प्रमाणपत्र लागतेच.

मोठ्या काकांच्या ज्या मुलाला तुम्ही सख्खा भाऊ मानता, त्याच्यासाठी तुला अर्ज करता येणार नाही. कायदेशीर दत्तकविधान सोळा वर्षांच्या आत झाले असते तर गोष्ट वेगळी होती. त्याला खोटी आशा लावू नये, आणि हे त्याला तूच सांगावेस.

बाबांना माझा निरोप दे की रविवारी सकाळी दहानंतर घरी यावे, सोबत तिघांचे जन्मदाखले, आईचा शाळेचा दाखला आणि कपाटातली जुनी लग्नपत्रिका आणावी. प्रतिज्ञापत्रांचे मसुदे मी करून ठेवतो. साताऱ्याला अर्ज करायला दादाला एक दिवसाची रजा काढावी लागेल. आईला एकटीने मला भेटायचे असेल तर दुपारी चारनंतर केव्हाही.

तुझा,
काका