वाडी पडली, म्हणून मुलीची वाट ठरवू नका

प्रिय पालक,
सप्रेम नमस्कार.

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धनची आपली सुपारीची वाडी आडवी झाली, घरावरचे पत्रे उडाले, वीज गेली, म्हणून आपण पत्नी व मुलीसह काही दिवसांसाठी साताऱ्याला मेहुण्यांकडे आलात. मुलीला दहावीला ८१ टक्के मिळाले. आता तिने इथेच राहून नीटचा (वैद्यकीय प्रवेश परीक्षेचा) दोन वर्षांचा क्लास लावावा, असे आपण ठरवले आहे. ती मात्र गावी परत जायचे म्हणते आणि मी तिला समजवावे, अशी आपली अपेक्षा आहे.

तिच्या गुणांची मला चिंता नाही. मला चिंता वाटते ती आपल्या पत्रातल्या एका वाक्याची : ‘वाडी गेली, आता सारी भिस्त हिच्यावर.’ वाडवडिलांनी लावलेली झाडे एका दुपारी पडल्यावर सासुरवाडीत दिवस काढणे किती जड जात असेल, हे मी समजू शकते. पण ते ओझे सोळा वर्षांच्या मुलीवर टाकणे अन्यायाचे आहे, आणि हिशेबानेही ते चुकीचेच आहे. अकरावी-बारावीची दोन वर्षे, एमबीबीएसची साडेचार आणि आंतरवासितेचे (इंटर्नशिपचे) एक वर्ष धरले, तर पहिल्याच प्रयत्नात प्रवेश मिळूनही साडेसात वर्षे जातात. सुपारीचे नवे रोप साधारण पाच ते सात वर्षांत फळते. म्हणजे घर सावरायचे असेल, तर ती डॉक्टर होण्याआधी वाडीच उत्पन्न देऊ लागेल.

पंचनाम्याच्या कागदावर वैद्यकीय प्रवेशात सवलत मिळते, असे आपल्याला येथे कोणीतरी सांगितले आहे. तसे काही नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपामुळे सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यात भूकंपग्रस्तांचे दाखले आहेत आणि कोयना धरणामुळे प्रकल्पग्रस्तांचेही आहेत, त्यातून हा समज झाला असावा. परंतु ते दाखले मुख्यतः गट क आणि गट ड च्या सरकारी नोकऱ्यांतील समांतर आरक्षणासाठी (प्रत्येक प्रवर्गात ठेवलेल्या वेगळ्या राखीव जागांसाठी) उपयोगी पडतात. वादळाचा पंचनामा हा नुकसानभरपाईसाठी असतो. नीटच्या गुणवत्ता यादीत त्याचा उपयोग होत नाही. या आशेवर मेहुण्यांकडून फीचे पैसे उसने घेऊ नयेत, हे मी स्पष्टच सांगते.

आपण तक्रारीच्या सुरात लिहिले आहे की, ती रोज गावी राहिलेल्या आजोबांना फोन लावते आणि कोणत्या ओळीतली किती झाडे उभी आहेत, ते वहीत उतरवत बसते. संपूर्ण पत्रात तिच्याविषयी खरी माहिती देणारी एवढीच ओळ आहे. त्यावरून तिने कृषीलाच जावे, असा निष्कर्ष मी काढणार नाही. कदाचित ती फक्त घरासाठी झुरत असेल. मात्र तिला विचारल्याशिवाय हे कळणार नाही, आणि तिला काय हवे हे आपण विचारल्याचा पत्रात कुठेही उल्लेख नाही.

अकरावीला विज्ञान घेऊन जीवशास्त्र ठेवले, तर नीट आणि एमएचटी-सीईटी (कृषी व इतर अभ्यासक्रमांसाठीची राज्याची प्रवेश परीक्षा) हे दोन्ही मार्ग खुले राहतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या पदव्या चार वर्षांच्या आहेत आणि त्याच विद्यापीठाचे सुपारी संशोधन केंद्र आपल्या श्रीवर्धनमध्येच आहे. करोनामुळे यंदा, २०२० मध्ये, वर्ग ऑनलाइन आहेत. गावी वीज आणि नेटवर्क नीट चालू होईपर्यंत तिने साताऱ्यात राहणे योग्यच आहे. तेवढी सोय म्हणून राहा. पुढच्या दोन वर्षांचा निर्णय तिच्याशी आणि आजोबांशी बोलून घ्या, आणि तोवर क्लासचे पैसे भरू नका.