महागडे करार, तापट खेळाडू : मेजर लीग बेसबॉलविषयी वाचकांचे प्रश्न

अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलच्या करारांबद्दल बरेच प्रश्न आले आहेत. सारखे वाटणारे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत. सगळ्या रकमा डॉलरमध्ये आहेत.

प्रश्न : खेळाडू चालत नसेल तर संघ त्याला काढून का टाकत नाही? निदान पुढच्या वर्षांचा पगार तरी वाचेल.

वाचत नाही. मेजर लीगमधले मोठे करार पूर्ण हमीचे असतात. खेळाडू बाकावर बसो, घरी बसो, पैसे द्यावेच लागतात. सही झाली की रक्कम खर्ची पडली असंच धरायचं. त्यानंतर संघाच्या हातात खरी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे 26 जणांच्या चमूतली जागा.

काढण्याची पद्धत अशी. खेळाडूला ‘डेझिग्नेट फॉर असाइनमेंट’, म्हणजे बोलीभाषेत डीएफए, केलं की 40 जणांच्या यादीतली (26 जणांचा चमू आणि राखीव खेळाडू) त्याची जागा लगेच मोकळी होते आणि संघाला सात दिवस मिळतात. तेवढ्यात ट्रेड, म्हणजे दुसऱ्या संघाशी अदलाबदल, जमवायचा किंवा त्याला वेव्हर्सवर टाकायचं, म्हणजे ‘कोणाला हवा तर घ्या’ असं बाकी संघांना कळवायचं. वेव्हर्सवरून जो संघ उचलेल त्याला उरलेला सगळा करार घ्यावा लागतो, म्हणून महागड्या खेळाडूला तिथे सहसा कोणी हात लावत नाही. त्याला मायनर लीगमध्ये, म्हणजे खालच्या स्तरावर, पाठवायचं म्हटलं, तर पाच वर्षं सेवा झालेला खेळाडू नकार देऊ शकतो आणि तरीही त्याचा पगार शाबूत राहतो. शेवटी सोडून द्यावं लागतं. मग दुसरा संघ त्याला लीगच्या किमान पगारावर घेतो आणि तेवढीच रक्कम पहिल्या संघाच्या देण्यातून वजा होते.

अल्बर्ट पुहोल्सचं उदाहरण घ्या. एंजल्स संघाने डिसेंबर 2011 मध्ये त्याला दहा वर्षांसाठी 24 कोटी डॉलर दिले. मे 2021 मध्ये, शेवटच्या वर्षी, त्याला सोडलं. त्या वर्षाचा पगार 3 कोटी होता. डॉजर्सनी त्याला किमान पगारावर घेतलं, आणि तो पूर्ण वर्षाला 5 लाख 70 हजार 500 होता, त्यातही उरलेल्या दिवसांपुरताच. बाकी सगळं एंजल्सच्याच खिशातून गेलं.

चूक सोडण्यात होत नाही, उशिरा सोडण्यात होते. ‘एवढे पैसे दिलेत तर खेळवू तरी’ हा विचार सगळ्यात महाग पडतो. ओरिओल्सनी 2016 मध्ये ख्रिस डेव्हिसला सात वर्षांसाठी 16 कोटी 10 लाख दिले. 2018 च्या सप्टेंबरपासून 2019 च्या एप्रिलपर्यंत त्याला बॅटिंगच्या सलग 54 प्रयत्नांत एकही हिट (बेसवर पोचवणारा फटका) मिळाला नाही, तरी तो संघात होता. डेव्हिस 2021 मध्ये निवृत्त झाला.

प्रश्न : ट्रेडच्या बातमीत ‘खेळाडूबरोबर पैसेही पाठवले’ असं असतं. विकणारा उलट पैसे का देतो?

कारण विकायचा असतो तो खेळाडू आणि त्याच्यामागे उरलेला करार, दोन्ही मिळून. समजा तीन वर्षं उरली आहेत आणि पगार वर्षाला अडीच कोटी, म्हणजे देणं साडेसात कोटींचं. आज तोच खेळाडू बाजारात मोकळा असता तर वर्षाला 1 कोटी 20 लाख मिळाले असते, म्हणजे 3 कोटी 60 लाख. फरक 3 कोटी 90 लाखांचा. तेवढे पैसे पाठवले तर समोरून नावापुरता एखादा खेळाडू मिळतो. चांगला तरुण खेळाडू हवा असेल तर त्याहून जास्त पाठवावे लागतात. उलट समोरच्याने सगळा पगार उचलला तर आपल्याला खेळाडूंच्या रूपात फार काही मिळत नाही. लोक ‘त्यांनी फुकटात दिला’ म्हणतात तेव्हा हे दुसरं पारडं पाहायचं राहून गेलेलं असतं.

ॲलेक्स रॉड्रिगेझला रेंजर्सनी 2000 मध्ये दहा वर्षांसाठी 25 कोटी 20 लाख देऊ केले होते. फेब्रुवारी 2004 मध्ये तो यँकीजकडे गेला तेव्हा 17 कोटी 90 लाख उरले होते आणि त्यातले 6 कोटी 70 लाख रेंजर्सनीच भरायचं ठरलं. उलट बाजूचं उदाहरण ऑगस्ट 2012 चं. रेड सॉक्सनी एड्रियन गोन्झालेझ, कार्ल क्रॉफर्ड आणि जॉश बेकेट डॉजर्सना दिले आणि 25 कोटींहून जास्त देण्यातून बहुतांश सुटका करून घेतली. पुढच्याच वर्षी, 2013 मध्ये, रेड सॉक्स वर्ल्ड सिरीज, म्हणजे लीगची अंतिम मालिका, जिंकले. मोकळा झालेला पैसा त्यांनी एका नावावर न उडवता अनेक मध्यम करारांत वाटला होता.

फोन उचलण्याआधी दोन कागद तपासावे लागतात. करारात ट्रेड नाकारण्याचं कलम आहे का, हा एक. दुसरा म्हणजे खेळाडूची सेवा : मेजर लीगमध्ये दहा वर्षं आणि त्यातली शेवटची पाच याच संघात झाली असतील, तर करारात काही लिहिलेलं नसलं तरी त्याला नकाराचा हक्क असतो. मार्लिन्सनी 2017 च्या शेवटी जियानकार्लो स्टँटनचे ट्रेड जायंट्स आणि कार्डिनल्स या दोन्हींशी जुळवले होते. त्याने दोन्ही नाकारले. यँकीजना होकार दिला तोवर मार्लिन्सची घासाघीस करण्याची ताकद संपली होती.

प्रश्न : पगारमर्यादा नाही, तरी सगळे ‘लक्झरी टॅक्स’ला का घाबरतात?

संघाच्या एकूण पगाराने ठरलेली मर्यादा ओलांडली की वरच्या रकमेवर लीगला द्यावा लागतो तो हा टॅक्स. भीती अशी की तो साठत जातो. 2025 साठी मर्यादा 24 कोटी 10 लाख होती, 2026 साठी 24 कोटी 40 लाख आहे. वरच्या रकमेवर पहिल्या वर्षी 20 टक्के, सलग दुसऱ्या वर्षी 30, तिसऱ्यापासून 50. मर्यादेच्या 6 कोटी वर गेलात तर त्या पट्ट्यावर आणखी 60 टक्के. म्हणजे सलग तीन वर्षं वर राहिलेल्या संघाने सगळ्यात वरच्या पट्ट्यात 2 कोटींचा खेळाडू घेतला तर त्याला तो 4 कोटी 20 लाखांना पडतो.

हिशेब प्रत्यक्ष पगारावर नसून कराराच्या वार्षिक सरासरीवर होतो. म्हणून करार लांबवतात : तीच रक्कम आठऐवजी अकरा वर्षांत पसरली की सरासरी उतरते, आणि शेवटची तीन वर्षं खेळाडूकडून फार अपेक्षा नसतेच. दुसरी वाट पैसे पुढे ढकलण्याची. शोहेई ओहतानीचा डिसेंबर 2023 चा करार दहा वर्षांसाठी 70 कोटींचा, पण वर्षाच्या 7 कोटींपैकी 6 कोटी 80 लाख बिनव्याजी पुढे ढकललेले, 2034 ते 2043 मध्ये द्यायचे. आजच्या मूल्यात धरल्यामुळे टॅक्ससाठी तो वर्षाला सुमारे 4 कोटी 60 लाखांचा मानला जातो. मात्र ‘नंतरचं नंतर बघू’ असं चालत नाही. ढकललेल्या रकमेचं आजचं मूल्य संघाला ठरलेल्या मुदतीत बाजूला काढून ठेवावंच लागतं.

ट्रेडबरोबर पाठवलेली रोख रक्कम पाठवणाऱ्याच्याच टॅक्समध्ये धरली जाते. हे पुष्कळदा नजरेतून सुटतं.

प्रश्न : तापट खेळाडूच्या करारात शिस्तीचं कलम का घालत नाहीत? ‘गोंधळ घातला तर करार रद्द’ एवढं लिहिलं की झालं.

लिहिलेलं आहेच. प्रत्येक खेळाडूच्या छापील करारात सद्वर्तनाची आणि तंदुरुस्त राहण्याची अट असते आणि ती मोडल्यास करार संपवण्याचा अधिकारही संघाला असतो. अडचण अशी की तो अधिकार वापरला की खेळाडूंची संघटना लवादाकडे जाते, आणि ‘सद्वर्तन’ हा शब्द तिथे टिकवणं अवघड जातं. रॉकीजनी डिसेंबर 2004 मध्ये पिचर (चेंडू टाकणारा) डेनी नीगलचा करार याच आधारावर संपवला, तेव्हा 1 कोटी 90 लाखांच्या वर देणं होतं. शेवटी तडजोड 1 कोटी 60 लाखांवर झाली. वाचलेली रक्कम आणि झालेला मनस्ताप यांचा ताळा घाला.

लवादापुढे टिकतं ते मोजता येणारं कलम. यँकीजच्या एरन बूनच्या करारात बास्केटबॉल खेळायला मनाई होती आणि तो करार पूर्ण हमीचाही नव्हता. जानेवारी 2004 मध्ये बास्केटबॉल खेळताना त्याचा गुडघा गेला. 57 लाख 50 हजारांच्या कराराऐवजी त्याला फक्त तीस दिवसांचा मोबदला मिळाला. रॉड्रिगेझ यँकीजकडे आला तो बूनच्याच रिकाम्या झालेल्या तिसऱ्या बेसवर, म्हणजे मैदानातल्या त्या जागेवर. मेट्सच्या योएनिस सेस्पेडिसला 2019 मध्ये स्वतःच्या रँचवर (शेत-कुरणावर) घोट्याला दुखापत झाली. ती खेळताना झालेली नव्हती, म्हणून त्याचा 2020 चा 2 कोटी 95 लाखांचा पगार वाटाघाटीत 60 लाखांच्या मूळ रकमेवर आला. कर्ट शिलिंगच्या 2008 च्या करारात सहा वेळा वजन करायचं होतं आणि प्रत्येक वेळी वजन ठरलेल्या मर्यादेत आलं तर बोनस. काटा काय दाखवतो यावर वाद होत नाही.

म्हणून आमचं मत असं : वागणुकीवर कलम लिहिण्यात वकिलाचा वेळ घालवू नये. बंदी घालायची असेल तर नेमक्या कृतींवर घालावी, जसं मोटरसायकल, स्कीइंग, बास्केटबॉल. बोनस द्यायचा असेल तर सामन्यांच्या, टाकलेल्या इनिंग्जच्या किंवा पुरस्कारांच्या आकड्यांवर द्यावा. होम रन किंवा सरासरीवर बोनस देणं नियमातच बसत नाही.

प्रश्न : मग खेळाडू डगआउटमध्ये (मैदानाकडेच्या संघाच्या बाकांवर) भांडला, मुलाखतीत संघावरच बरसला, तर पहिल्या आठवड्यात संघाने नेमकं काय करायचं?

सगळ्यात आधी, ‘आता याला विकायचंच’ हे कोणालाही कळू द्यायचं नाही. 2009 मध्ये कब्जचा मिल्टन ब्रॅडली क्लबच्या वातावरणाविरुद्ध उघड बोलला. संघाने उरलेल्या हंगामासाठी त्याला निलंबित केलं आणि ते जाहीरही केलं. त्या दिवशी उरलेल्या 29 संघांना कळलं की याला विकल्यावाचून कब्जपुढे पर्याय नाही. तीन वर्षांच्या 3 कोटींच्या करारातली दोन वर्षं बाकी होती. बदल्यात मिळाला सिॲटलच्या संघाचा कार्लोस सिल्वा, म्हणजे दुसऱ्याचा नकोसा करार.

त्याच संघाने दोन वर्षांनी पिचर कार्लोस झांब्रानोबाबत जरा शहाणपणाने पावलं टाकली. ऑगस्ट 2011 मध्ये तो लॉकर रिकामा करून, निवृत्तीची भाषा करत निघून गेला. संघाने त्याला तीस दिवस बिनपगारी ‘अपात्र’ यादीत टाकलं. क्लबला स्वतःच्या अधिकारात शिस्तीची शिक्षा साधारण इतक्याच दिवसांची देता येते, त्याहून लांबवली की लवादात हरण्याची भीती. मग हंगाम संपू दिला. जानेवारी 2012 मध्ये तो मार्लिन्सकडे गेला, बदल्यात तरुण पिचर ख्रिस व्होल्स्टॅड आला. तरीही 1 कोटी 80 लाखांपैकी सुमारे 1 कोटी 50 लाख कब्जनीच भरले. शहाणपणाने वागूनही डाग एवढा महाग पडतो.

दुसरं काम खोलवरचं आहे : राग कशाचा आहे ते शोधायचं. तो बहुतेक वेळा स्वभावाचा नसतो, जागेचा असतो. रेड सॉक्सच्या राफाएल डेव्हर्सचा करार 2024 पासून दहा वर्षांसाठी 31 कोटी 35 लाखांचा होता. 2025 च्या सुरुवातीला संघाने ॲलेक्स ब्रेगमनला घेतलं आणि डेव्हर्सला तिसऱ्या बेसवरून हलवून डेझिग्नेटेड हिटर, म्हणजे फक्त बॅटिंग करणारा, केलं. तिसरा बेस आपलाच, असं तो उघड म्हणाला, मग तयार झाला. मे महिन्यात पहिल्या बेसवरचा ट्रिस्टन कॅसास जखमी झाला आणि संघाने डेव्हर्सला पुन्हा नवी जागा सुचवली. त्याने माध्यमांसमोर नकार दिला. जूनमध्ये त्याला जायंट्सना देऊन टाकलं. उरलेले 25 कोटींहून जास्त जायंट्सनी उचलले, म्हणजे पैशाच्या बाजूने रेड सॉक्स सुटले, पण संघातला सगळ्यात भरवशाचा बॅटर ऐन हंगामात गेला. जुलैमध्ये डेव्हर्स जायंट्ससाठी पहिल्या बेसवर उभा होता. नकार जागेला होता की विचारण्याच्या पद्धतीला, हे वाचकांनीच ठरवावं. एवढ्या मोठ्या करारात ‘कोणत्या वर्षापासून कोणती जागा’ हे बोलणं सहीआधी व्हायला हवं, आणि नवा माणूस घेण्याआधी पुन्हा एकदा.

तिसरं : त्रास मोजायचा, आणि तो मैदानावरच्या कामगिरीशेजारी ठेवून पाहायचा. मॅनी रामिरेझला रेड सॉक्सनी 2003 च्या हंगामानंतर वेव्हर्सवर टाकलं होतं. सुमारे 10 कोटींचा उरलेला करार घ्यायला कोणीही पुढे आलं नाही. नाइलाजाने ठेवला. 2004 च्या वर्ल्ड सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला, 2007 मध्येही संघ जिंकला. जून 2008 मध्ये त्याने प्रवासव्यवस्था पाहणाऱ्या कर्मचाऱ्याला ढकललं, तेव्हा मात्र गणित बदललं होतं : करार संपत आलेला, आणि तो मनापासून खेळतो का याबद्दलच शंका. 31 जुलैला तीन संघांच्या ट्रेडमध्ये तो डॉजर्सकडे गेला. रेड सॉक्सनी उरलेले सुमारे 70 लाख स्वतः भरले आणि जागेवर जेसन बे आणला. विकताना त्या जागेवर उभा राहणारा खेळाडू त्याच व्यवहारात घेणं, ही त्यातली शिकण्यासारखी गोष्ट.

प्रश्न : उत्तेजक सेवनाबद्दल बंदी आली तर पगार?

मिळत नाही. पहिल्या गुन्ह्याला 80 सामने, दुसऱ्याला 162, तिसऱ्याला कायमची बंदी. मेट्सच्या रॉबिन्सन कानोला 2021 चा पूर्ण हंगाम आणि 2 कोटी 40 लाख गमवावे लागले. पण बंदी संपली की करार पुन्हा चालू होतो. पुढच्या मे महिन्यात मेट्सनी त्याला डीएफए केलं, पैसे देऊनच.

प्रश्न : दुखापतीचा विमा उतरवून धोका टाळता येत नाही का?

काही अंशी. हप्ता जड असतो, जुन्या दुखापती बहुधा वगळलेल्या असतात, आणि भरपाई ठरावीक दिवस सलग बाहेर राहिल्यावरच सुरू होते. त्यामुळे खेळाडू अधूनमधून दोन-चार सामने खेळला तर विमा लांबतो. प्रिन्स फील्डरच्या मानेच्या दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर, 2016 मध्ये, डॉक्टरांनी खेळायची परवानगी नाकारली. त्याच्या वर्षाच्या 2 कोटी 40 लाखांपैकी 90 लाख विम्यातून, 60 लाख त्याच्या आधीच्या संघाकडून, टायगर्सकडून, आणि 90 लाख रेंजर्सकडून येत राहिले. त्याने कागदोपत्री निवृत्ती घेतली नाही, कारण स्वतःहून निवृत्त होणारा उरलेला पगार सोडतो. जखमी खेळाडू वर्षानुवर्षं जखमींच्या यादीवर का दिसतो, त्याचं कारण हेच.

प्रश्न : माजी खेळाडू बॉबी बोनिलाला मेट्स अजून पैसे देतात हे खरं का?

खरं. 2000 मध्ये त्याला सोडताना 59 लाख द्यायचे होते. ते 8 टक्के व्याजाने पुढे ढकलले. 2011 पासून दर 1 जुलैला 11 लाख 93 हजार 248 डॉलर 20 सेंट, 2035 पर्यंत. चेष्टा खूप होते, पण 2000 च्या हंगामासाठी मोकळे झालेले 59 लाख आणि त्याच वर्षी मेट्सनी गाठलेली वर्ल्ड सिरीज या हिशेबात कोणी धरत नाही. व्याजाचा दर मात्र चढा लावला, एवढं म्हणता येईल.