पाणी किती फुटावर आलंय?

पिशवीतून त्यांनी एकेक करून चार ऑक्सिमीटर काढले आणि माझ्या समुपदेशनाच्या टेबलावर ओळीनं मांडले. एकाचं खोकं अजून फोडलेलंही नव्हतं. "हे घरातले. एक गाडीत असतो," म्हणाल्या. बोलता बोलता त्यातला एक बोटाला लागला, ९८ आले, त्यांनी तो काढून ठेवला. दोन वाक्यं झाली नसतील, तोच दुसरा लागला. परत ९८. आपण हे करतोय याची त्यांना दखलही नव्हती.

या ताई सांगलीच्या गावभागातल्या, पंचेचाळिशीच्या. (ओळख पटू नये इतपत तपशील बदललेत.) नवऱ्याचं मार्केट यार्डात हळदीचं अडत दुकान, मुलगा अकरावीला, सासूबाई पंचाहत्तरीच्या आणि इन्सुलिनवर. नवराच ताईंना घेऊन आला होता. "मॅडम, हिनं घरात दुकान मांडलंय. माळ्यावर वीस किलो हरभरा, त्याला भुंगा लागला. सॅनिटायझरचे पाच-पाच लिटरचे कॅन. पोराला शिंक आली की शाळा बंद."

ताईंनी ते सगळं ऐकून घेतलं आणि मला सरळ विचारलं, "बर्ड फ्लू माणसांत पसरला, पुन्हा २०२० सारखं झालं, तर घर कसं सांभाळायचं? आणि मी करतेय ती तयारी आहे की मला वेड लागलंय, एवढंच सांगा."

गेल्या काही वर्षांत हा प्रश्न माझ्याकडं बरेच जण घेऊन येतात. शब्द वेगळे असतात. कुणी विचारतं, मास्क किती ठेवू. कुणी विचारतं, आईला गावाकडं नेऊन ठेवू का. आपल्या जिल्ह्याला तर मार्च २०२० मधलं इस्लामपूर आठवतं. एका घरातून सुरू झालेली ती बातमी ऐकून अख्खा जिल्हा दारं लावून बसला होता. त्यामुळं "उगाच काय घाबरता" असं म्हणायचा अधिकार सांगलीत कुणालाच नाही.

मी तसं म्हटलंही नाही. फ्लूची साथ येणारच नाही, असं सांगणं खोटं ठरलं असतं. ताईंच्या मोबाईलवर एक निरोप फिरत होता, दर शंभर वर्षांनी महामारी येते म्हणून. तेवढं मात्र मी खोडून काढलं. फ्लूच्या जागतिक साथी आल्या १९१८, १९५७, १९६८ आणि २००९ मध्ये. यात शंभराचा हिशेब कुठं बसतो? फ्लूचा विषाणू सतत रूप बदलतो. एखादं रूप असं निघतं की कुणाच्याच शरीराला त्याची ओळख नसते, आणि मग साथ जगभर पळते. २००९ च्या स्वाइन फ्लूनं देशातला पहिला बळी आपल्या पुण्यात घेतला, ऑगस्टच्या सुरुवातीला. तेव्हा कापूर-वेलदोड्याची पुरचुंडी माझ्याही पर्समध्ये होती, हे कबूल करते. तोच विषाणू आज नेहमीच्या हंगामी फ्लूत मोडतो. बर्ड फ्लू आपल्याकडं २००६ मध्ये नवापूरच्या कोंबड्यांत पहिल्यांदा सापडला. तो माणसाला क्वचित होतो, पण माणसाकडून माणसाकडं सहज जात नाही. उद्या जाणारच नाही याची हमी कुणी देणार नाही. नीट शिजवलेली अंडी-कोंबडी खायला मात्र हरकत नाही. ताईंनी ती दोन वर्षं बंद केली होती, आणि मुलगा बाहेर जाऊन खात होता.

इथं माझ्याकडून चूक झाली. माणूस तयारीचं विचारतोय म्हणजे त्याला नेमकी माहिती द्यावी, अशा समजुतीनं मी त्यांना एक छापील यादी दिली. साथीच्या काळात घरात काय असावं याची, चाळीसेक ओळींची. पुढच्या आठवड्यात त्या आल्या तेव्हा प्रत्येक ओळीपुढं खूण होती, आणि खाली स्वतःच्या अक्षरात आणखी बावीस ओळी. शिवाय एक प्रश्न: "अजून काही राहिलंय का?"

सोळा वर्षं हे काम करून मला कळायला हवं होतं. नवी वस्तू घरात आली की त्यांना दोन दिवस बरं वाटायचं, तिसऱ्या दिवशी पुढची वस्तू दिसायची. मी आगीत तेल ओतलं होतं.

मग मी यादी बाजूला ठेवली आणि विचारलं, पहिला ऑक्सिमीटर कधी घेतला?

एप्रिल २०२१. त्यांचं माहेर तासगावकडचं. वडिलांना ताप आला, घरात ऑक्सिमीटर नव्हता. तिसऱ्या दिवशी कुठून तरी दुप्पट पैशाला मिळाला. लावला तर ८१. बेड शोधण्यात रात्र गेली. चौथ्या दिवशी वडील गेले. हे सांगताना "तिसऱ्या दिवशी" हे शब्द त्यांनी सात-आठ वेळा उच्चारले असतील.

"यात तुमची काय चूक" हे वाक्य माझ्या ओठावर आलं होतं. मी ते गिळलं. ते त्यांना भेटायला आलेल्या प्रत्येकानं म्हटलेलं असणार, आणि त्यानं काही झालेलं नव्हतं. मी विचारलं, वडील काय करायचे? मग द्राक्षबाग निघाली, बेदाण्याची शेड निघाली, रॅकवरच्या जाळीवर द्राक्षं एकसारखी पसरायला वडिलांनी त्यांना कसं शिकवलं ते निघालं. "एकावर एक पडली की सडतात गं, प्रत्येकाला वारा लागला पाहिजे." ताई चाळीस मिनिटं बोलत होत्या. ऑक्सिमीटर टेबलावरच होते. बोट एकदाही आत गेलं नाही.

तिसऱ्या भेटीला सासूबाई हट्टानं आल्या. खुर्चीत बसायच्या आधीच सुरू झाल्या.

"मॅडम, १९ च्या पुरात आमच्या घरात माळ्याला पाणी लागलं हुतं. पर म्हणून दरसाल पाऊस लागला की आम्ही फ्रिज माळ्यावर टाकत न्हाई. आयर्विनला किती झालंय ते बगायचं. ३५ झालं की कागदं उचलायची, ४० झालं की गहू-तांदूळ, आन् ४५ व्हायच्या आत आपण उठायचं. ही बया नदी कोरडी असताना नाव घिऊन बसलीया."

मी वहीत लिहायचं थांबले. सांगलीबाहेरच्या वाचकांसाठी: कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी मोजतात. ४० फूट ही इशारा पातळी, ४५ ही धोका पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. पावसाळ्यात इथं कुणीही कुणाला "किती झालं?" एवढंच विचारतं, आणि समोरचा फूट सांगतो. या शहराला भीती मोजता येते. ताईंच्या भीतीला पट्टीच नव्हती. दिल्लीत कुणी शिंकलं तरी त्यांच्या घरी ५७ फूट.

त्या दिवशी कॅलेंडरच्या जुन्या पानामागं आम्ही चौघांनी मिळून एक पट्टी काढली. अक्षर ताईंचं, फूट सासूबाईंचे, माझं काम फक्त "आणि यात काय करायचं नाही?" हे विचारण्याचं.

पहिली रेघ, पाणी पात्रात. म्हणजे रोजचे दिवस. सासूबाईंची औषधं महिनाभराची जादा, इन्सुलिन फ्रिजमध्ये, बर्फाच्या कप्प्यात नव्हे. जे आपण एरवीही खातो तेच पंधरा दिवसांचं घरात असावं, आणि जुनं आधी संपवावं. भुंग्यासाठी हरभरा भरायचा नाही. एक थर्मामीटर, एक ऑक्सिमीटर, पॅरासिटामॉल, ओआरएसची पाकिटं, मास्कचं एक खोकं, साबण, गॅसची भरलेली टाकी. सासूबाईंना दरवर्षी फ्लूची लस, डॉक्टरांना विचारून. विषाणू बदलतो म्हणून लसही दरवर्षी तपासून गरजेप्रमाणं बदलतात, आणि ती लागू पडायला साधारण दोन आठवडे जातात. अगदी नव्या साथीच्या विषाणूला ती पुरेलच असं नाही, पण मधुमेहाच्या बाईला साधा फ्लूही लहान नसतो. ताईंनी कुठून तरी मिळवलेल्या ऑसेल्टामिविरच्या गोळ्या पट्टीत बसल्या नाहीत. ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीनं, शक्यतो लक्षणं दिसल्यापासून ४८ तासांत सुरू करायचं असतं. माळ्यावर साठवायचं नसतं. अँटिबायोटिकचा तर विषाणूवर उपयोगच नाही.

एवढं झालं की पहिली रेघ पूर्ण. ताईंनी दोनदा विचारलं, "पूर्ण म्हणजे पूर्ण?" मी पानावर तारीख घालून त्यांची सही घेतली.

दुसरी रेघ, ४० फूट. आरोग्य खात्यानं आपल्या भागात साथ आहे असं सांगितलं की. निरोप फिरला की नव्हे. मग गर्दीत मास्क, सासूबाईंची लग्नं-बारशी बंद, खिडक्या उघड्या, खोकणाऱ्यानं घरी बसायचं. बातम्या दिवसातून एकदा, संध्याकाळी, पंधरा मिनिटं.

तिसरी रेघ, ४५. घरातच कुणी आजारी. इथं सासूबाईंनी आपल्या आजीकडून ऐकलेलं सांगितलं. प्लेगात माणसं गाव सोडून रानात झोपड्या टाकून राहिली, पण १९१८ च्या मानमोडीत, म्हणजे फ्लूच्या साथीत, पळायला जागाच राहिली नाही. एकाला पोचवून यावं तर घरात दुसरा पडलेला. त्या साथीत हिंदुस्थानात सव्वा ते दोन कोटी माणसं गेली असा अंदाज आहे, आणि तरणीताठी फार. पुरात घर सोडायचं असतं, फ्लूत घर धरून बसायचं असतं, आणि आजाऱ्याला घरातच थोडं बाजूला ठेवायचं असतं. ताईंच्या घरी परसदारची खोली, तिला दोन खिडक्या. आजारी माणूस तिथं, दार उघडताना मास्क, शुश्रूषा एकानंच करायची, आणि तो एक सासूबाई नव्हेत. भरपूर पातळ पदार्थ, तापाची वेळ घालून नोंद. मुलाला तापात अॅस्पिरिन द्यायची नाही. धाप लागली, छातीत दुखलं, ओठ निळसर दिसले, माणूस बरळायला लागला, ऑक्सिजन ९४ च्या खाली गेला, किंवा उतरलेला ताप जोरात परत आला, तर वाट बघायची नाही. डॉक्टर, नाहीतर १०८.

"शुश्रूषा कोण करणार?" मी विचारलं.

"मीच की," ताई म्हणाल्या.

"आणि तुम्हीच पडलात तर?"

खोलीत कुणी बोलेना. माळ्यावर दोनशे मास्क होते, पण या घराची सगळी तयारी एका बाईच्या दोन पायांवर उभी होती. मी नवऱ्याला विचारलं, आईचं इन्सुलिन किती युनिट? त्यांनी बायकोकडं पाहिलं. साखर कधी तपासता? परत बायकोकडं. राजापुरी हळदीचा त्या सकाळचा भाव विचारला असता तर झोपेत सांगितला असता. "गोळ्या फ्रिजवरच्या डब्यात असतात," एवढं त्यांना ठाऊक होतं. सासूबाई म्हणाल्या, "डबा बदलून दोन वर्सं झाली."

पुढच्या दोन आठवड्यांचा गृहपाठ त्यामुळं ताईंना नव्हता, नवऱ्याला होता. आईची साखर तपासायची, सुई लावायला शिकायची, आणि मऊ भात-मेतकूट एकदा तरी स्वतः करायचं. मुलानं डॉक्टर, दूधवाला, शेजारी यांचे नंबर कागदावर लिहून स्वयंपाकघरात चिकटवायचे, कारण मोबाईलची बॅटरी नेमकी तेव्हाच जाते. पहिला भात खाली लागला. सासूबाईंनी तो खाल्ला आणि वर दुसऱ्यांदा वाढून घेतला, हे सांगताना ताईंना हसू आवरेना. माझ्याकडं आल्यापासून त्या पहिल्यांदाच हसल्या.

ताईंना काम होतं ते वेगळं. ऑक्सिमीटर एकच, तो कपाटात. ताप किंवा धाप असल्याशिवाय काढायचा नाही. पहिले चार दिवस वाईट गेले. चिंता आली की ती वहीत लिहायची आणि संध्याकाळी सहा ते साडेसहा या वेळेत वाचायची. झोप न येणं सहा आठवड्यांनंतरही तसंच राहिलं असतं तर मी त्यांना मनोविकारतज्ज्ञांकडं पाठवणार होते, तसं आधीच सांगून ठेवलं होतं. ती वेळ आली नाही. आली असती तरी त्यात कमीपणा नव्हता. रात्री-अपरात्री बोलायला कुणी हवं असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, तोही त्या कागदावर गेला.

जास्तीचे तीन ऑक्सिमीटर ताईंनी गल्लीतल्या आशाताईंना दिले. एक ठेवला. गाडीतला कुठं गेला, ते मी विचारलं नाही.

ऑगस्टात त्यांचा फोन आला. पाऊस लागलेला, आयर्विनला ३२ झालं होतं. मुलाला दोन दिवस सर्दी-ताप. माझ्या पोटात गोळा आला, त्यांच्या आवाजात नव्हता.

"१०१ होता. लिहून ठेवला. परसदारच्या खोलीत झोपवलाय, ह्यांनी पेज केली. रात्री एकदा उठले मॅडम, कपाटापर्यंत गेले."

"मग?"

"त्याचा श्वास ऐकला दारातून. नीट चालला होता. परत येऊन झोपले." जरा थांबून म्हणाल्या, "सासूबाई विचारतायत, तुमच्याकडं पाणी शिरतं का? शिरत असेल तर कागदं उचलून ठेवा म्हणाव."